श्रावण ताकसांडेचं एकच फुप्फुस

आर्वीत एक काळ असा होता की एसटी डेपोसमोरच्या टपरीवर रूपरावला चहा सांगितला, की चहाच्या आधी बातमी यायची. श्रावण ट्रंपेटवाल्याला म्हणे एकच फुप्फुस आहे. ही बातमी मोठ्याने सांगायची नसे. रूपराव आधी डावीकडे बघे, मग उजवीकडे, मग गाळणी हातात तशीच धरून पुढे वाके. दुसरं फुप्फुस गेलं कुठे, यावर मात्र गावाचं एकमत नव्हतं. एका पक्षाचं म्हणणं, जिनिंगमध्ये काम करता करता रुई छातीत बसली आणि ते वाळून गेलं. दुसरा पक्ष सांगे, नागपूरला ऑपरेशन करून काढलं. डेपोतले कंडक्टर लोक जरा पुढारलेले. त्यांच्या मते ते एका आजारी शेटजीला बसवलं आणि शेटजी आता रोज सकाळी पळायला जातात.

पुरावा मात्र सगळ्यांकडे एकच होता आणि तो बिनतोड होता. श्रावणचं ते नावाजलेलं गाणं रंगात आलं की ऐन मध्यावर तो थांबायचा. ट्रंपेट खाली, ओठ मिटलेले, चार सेकंद काही म्हणजे काही नाही. दोन फुप्फुसांचा माणूस भर वरातीत असा कशाला थांबेल?

श्रावणच्या कानावर हे येत नसे असं नाही. तो टपरीवर आला की रूपराव मुद्दाम विचारी, "काऊन बे श्रावण, तुले हाफ देऊ का फुल?"

"फुल दे. अन् तुही जीभ हाफ कर."

सगळे चहात बघून हसत. श्रावणही हसे. पण त्याने ही गोष्ट कधी खोडून काढली नाही, हे लक्षात घ्या. एका फुप्फुसावर एवढं वाजवणारा माणूस म्हणून आर्वी, पुलगाव, देवळी या पट्ट्यात त्याचा जो रुबाब होता, तो दोन फुप्फुसांवर मिळाला नसता. आणि ते थांबणं त्याने आपल्या मनाने काढलेलं नव्हतं, हे सांगायचं तर बरंच काही सांगावं लागलं असतं.

श्रावणचा बाप लोकांच्या शेतात राबायचा आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ढोल वाजवायचा. त्या मिरवणुकीत बायका गाणं म्हणत, आणि ओळीचा शेवटचा शब्द सोडवत नसल्यासारखा लांबवत. बापाचा ढोल पुढच्या ठोक्यावर जाऊन उभा असे, आणि बायका आपल्या मागून सावकाश येत. लहानग्या श्रावणला वाटे, गाणं असंच असतं, ठोक्याच्या जरा मागून चालणारं.

दुसरा गुरू म्हणजे पुलगावहून येणारी छोटी गाडी. तिच्या इंजिनाची शिट्टी उंच सुरू व्हायची आणि दमलेल्या माणसाने खाटेवर अंग टाकावं तशी खाली यायची. सोळाव्या वर्षी श्रावण अण्णाजींच्या 'नवयुग ब्रास बँड'मध्ये लागला आणि हातात ट्रंपेट आल्याबरोबर त्याने पहिली ती शिट्टी काढली. तीही चालू वरातीत.

अण्णाजी बँडचे मालक, स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे, आणि सरळ वाजवायचे. सूर म्हणजे त्यांच्या लेखी गणवेश. इस्त्री मोडलेली त्यांना खपत नसे. ते तिथल्या तिथे ओरडले, "हे काय वाजवून राह्यला बे? गाडी आली समजून नवरदेव उतरून जाईन ना घोड्यावरून!"

त्यानंतर सात-आठ वर्षं श्रावणने अण्णाजींच्या मर्जीप्रमाणे सरळ वाजवलं. लग्नसराईत वाजवायचं, दिवाळीनंतर जिनिंगमध्ये कापूस ओढायचा. असंच चाललं असतं, पण सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात त्याचं स्वतःचं लग्न झालं.

मुलगी देवळीची, मीराबाई. तिचा भाऊ प्रेमदास मोठा हौशी. त्याने आहेरात टू-इन-वन दिला, रेडिओ आणि टेप एकत्र. नवाकोरा म्हणून दिला, पण तो नागपूरच्या जुन्या बाजारातला होता, हे पाचव्या मिनिटाला उघडं पडलं, कारण आत कुणाची तरी कॅसेट विसरलेली होती. वर कागद नाही, नाव नाही. प्रेमदास म्हणाला, "थे कंपनीकडून फुकट भेटते." मांडवातल्या सगळ्यांनी मान डोलावली. पाहुण्याला उघडं पाडायचं नसतं, निदान त्याच्यासमोर.

सराई जोरात होती. अण्णाजींनी नवरदेवाला दोन दिवसांचीच सुट्टी दिली. तिसऱ्या दिवशी श्रावण हळदीच्या हातांनीच पुलगावच्या वरातीत वाजवून आला. चौथ्या दिवशी दुपारी त्याने ती बेनाव कॅसेट लावली आणि उभ्याचा बसला.

आत कुणीतरी ट्रंपेट वाजवत होता. ठोक्याच्या मागून येत होता. सूर धरायचा, वाकवायचा, सोडता सोडता परत धरायचा. त्यात छोट्या गाडीची शिट्टी होती आणि मिरवणुकीतल्या बायकांचा शेवटचा शब्द होता. जगाच्या पाठीवर दुसऱ्याही कुणाला असंच ऐकू येतं, हे कळून श्रावणचे डोळे भरून आले. आणि गाणं अगदी चढणीला लागलेलं असताना सगळं एकदम बंद. ट्रंपेट नाही, ढोल नाही. चार सेकंद नुसती शांतता. तिच्या शेवटाला एक 'ठण्'. आणि पुन्हा सगळा बाजा जागच्या जागी.

"पाह्य मीरा," तो म्हणाला, "मोठा कलाकार कुठं थांबाचं ते जानते!"

मीराबाईने मान खाली घातली. श्रावणला ती नव्या नवरीची लाज वाटली.

पुढच्या पावसाळ्यात त्याने ते गाणं पुरतं बसवलं. टेपमधला आवाज मधूनच नाकात बोलल्यासारखा का येतो, हे कळायला दोन महिने लागले. शेवटी मीराबाईचं स्टीलचं फुलपात्र ट्रंपेटच्या तोंडापुढे धरून बघितलं आणि तो आवाज निघाला. ते फुलपात्र परत स्वयंपाकघरात गेलं नाही. सुरांची नावं त्याला येत नव्हती, वाजवणाऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं. तो त्याला नुसतं 'उस्ताद' म्हणे.

अण्णाजींनी ऐकून कपाळाला हात लावला. पण वरात मांडवाजवळ अडते, नवरदेवाचे मित्र नाचायचे थांबत नाहीत आणि बँडची गाणी संपलेली असतात, अशी एक वेळ प्रत्येक लग्नात येतेच. तेवढ्यात काय ते वाजव, म्हणाले. झांजवाल्या ओमप्रकाशला श्रावणने 'ठण्' शिकवलं. एकच. जोरात नाही, हळूही नाही, बाजूच्या घरात काही पडावं तेवढं. ओमप्रकाशला ते जमायला एक अख्खी सराई लागली.

पहिल्यांदा श्रावण मध्येच थांबला तेव्हा नाचणारेही गोंधळून थांबले. कुणाचे हात वर, कुणाचा पाय अधांतरी. मग ठण् झालं, बाजा सुरू झाला आणि लोक असे काही उसळले की घोड्याला आवरायला चार माणसं लागली. त्या दिवसापासून आर्वीत रीतच पडली. श्रावण थांबला की सगळ्या वरातीने पुतळा व्हायचं. जो हलेल त्याने सगळ्यांना पान खिलवायचं. म्हाताऱ्या मावशा, सासूसासरे, व्हिडिओवाला, सगळे पुतळे. एका लग्नात नवरीच्या मामाला शिंक आली, ती त्यांनी दाबली, आणि तीन दिवस कान दुखत होता. गाण्याचं नावच 'दमवालं' पडलं. लग्न ठरवायला आलेले लोक अण्णाजींना आधी विचारत, "दमवालं वाजवनारा येईन ना?"

तर श्रावण ताकसांडेची कारकीर्द म्हणायची ती ही. तीस-पस्तीस वर्षं, तीन तालुके, एक गाणं. बाकीची शेकडो गाणी त्याने वाजवली, पण ती लोकांची होती. हे एक त्याचं होतं.

मग नुसते ढोल बडवणारी नागपुरी धुमाल आली, तिच्यामागून डीजे आला. अण्णाजी वारले. 'नवयुग'मध्ये सात जण उरले, त्यातल्या तिघांना दात नाहीत. पूर्वी आपल्या वरातीत दमवालं वाजलं होतं, अशा आईबापांच्या हट्टाखातर कुठे बोलावणं येई. अशाच एका लग्नात, दोन वर्षांमागे, सेवाग्रामच्या दवाखान्यातली नर्स अंजू हिच्या वरातीत डॉक्टर मेघा आल्या होत्या. पुण्याच्या, तिशीतल्या, फावल्या वेळात की-बोर्ड वाजवणाऱ्या. गाणं संपलं आणि त्या गर्दी सारत थेट श्रावणसमोर उभ्या राहिल्या.

"काका, तुम्ही जॅझ वाजवता!"

डॉक्टरच्या तोंडून निघालेला नवा शब्द म्हणजे आजारच असणार. श्रावणने छातीवर हात ठेवला. "कधीपासून हाय मॅडम?"

आजार नाही, हे पटायला थोडा वेळ लागला. मग मेघाताईंनी सांगितलं की सेवाग्रामला त्या आणि आणखी तीन डॉक्टर मिळून बाजा वाजवतात, डिसेंबरात कार्यक्रम आहे, आणि ट्रंपेटला माणूस नाही. श्रावण दर रविवारी एसटीने वर्ध्याला आणि तिथून ऑटोने सेवाग्रामला जायला लागला. जाताना ओमप्रकाशही बरोबर. कारण ठण् दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नव्हतं, निदान ओमप्रकाशच्या मते.

दुसऱ्या रविवारी मेघाताई म्हणाल्या, "काका, मूळ गाणं सापडलं मला. ऐकायचं?"

छत्तीस वर्षांनी श्रावणला उस्तादाचं नाव कळलं. इंग्रजी होतं, लांबलचक होतं, ते त्याच्या लक्षात राहिलं नाही. मोबाईलवर गाणं सुरू झालं. तो डोळे मिटून बसला, गुडघ्यावर तीन बोटं हलवत. प्रत्येक जागा ओळखीची. चढण आली. तो थांबला, बोटं थांबली.

गाणं थांबलं नाही.

तिथे ट्रंपेट वर गेला. वर, आणखी वर, आणि त्या टोकावर क्षणभर थरथरून, हसत हसत पायऱ्या उतराव्यात तसा खाली आला. चार सेकंद. श्रावणने डोळे उघडले.

"पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"तुमच्या मोबाईलमधे काही जास्तीचं भरलं हाय मॅडम. इथं उस्ताद थांबते."

"नाही काका, सगळीकडे असंच आहे. ही तर या गाण्यातली सगळ्यात नावाजलेली जागा. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम सोडता."

श्रावणने फुलपात्र पिशवीत टाकलं, ट्रंपेट पेटीत ठेवला. येताना एसटीत तो वर्धा ते आर्वी मनात हिशेब करत आला. छत्तीस वर्षं. एवढ्या वरातींमध्ये त्याने लोकांना उस्तादाच्या नावाने एक भोक वाजवून दाखवलं होतं. जिथे सगळ्यात सुंदर सूर होता तिथेच नेमकं तोंड मिटलं होतं. त्याचं म्हणून जे एक होतं, तेच चुकलेलं होतं.

त्या आठवड्यात तो टपरीवर गेला नाही. मग एक दिवस मागच्या आवारात बसून त्याने तो टोकाचा सूर काढायला घेतला. एकसष्टाव्या वर्षी ओठ तेवढे ताणत नाहीत. सूर फुटायचा, ओठाला रक्त यायचं. पण त्याला ते चार सेकंद भरून काढायचे होते. कार्यक्रमात सगळ्यांसमोर, एकदा तरी, गाणं पुरं वाजवायचं होतं. त्याशिवाय तो ट्रंपेट कायमचा पेटीत ठेवायला तयार नव्हता.

मीराबाई तो सूर सुरू झाला की उठून शेजारी जाई. एकदा म्हणाली, "अजी, राहू द्या ना थे. पयलेचंच बरं होतं."

"पयलेचं चुकीचं होतं!"

"कोनाले समजलं होतं काय?"

"मले समजलं ना आता."

यावर तिने पदराने ओटा पुसला, तो आधीच पुसलेला होता.

ओमप्रकाशची तक्रार वेगळी होती. "म्हंजे तू थे भोक बुजवनार. बरं. मंग माह्या ठण् चं काय? तीस वर्सं मी एका ठण् वर काढली, श्रावण. माह्या सोयऱ्यात मले कोनी ओमप्रकाश म्हनत नाई, ठण्वाले म्हनते."

"तू दुसरं काही वाजवजो."

"दुसरं मले येते काय?"

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी चारला कार्यक्रम होता. पुढच्या रांगांत डॉक्टर, विद्यार्थी, त्यांचे आईवडील. शेवटच्या दोन रांगा आर्वीकरांनी भरल्या होत्या. रूपरावने टपरी बंद ठेवली होती, आणि एवढ्या लांब येऊन इथल्या चहाला नावं ठेवण्यात त्याचा वेळ चांगला जात होता. मीराबाई त्याच रांगेत, भिंतीकडे. सूर आता श्रावणच्या ओठावर बसला होता. सकाळी मेघाताईंसमोर तीनदा वाजवला, तिन्ही वेळा लागला. ओमप्रकाश मात्र काम नसतानाही सवयीने झांजा घेऊन मंचाच्या कडेला उभा होता.

गाणं सुरू झालं. डॉक्टर लोकांनी झक्क साथ धरली. श्रावण ठोक्याच्या मागून चालत राहिला. चढण आली. त्याने श्वास भरून घेतला, पोटापर्यंत, आणि सूर सोडायच्या आधी सवयीने समोर बघितलं.

शेवटच्या दोन रांगा पुतळा होऊन बसल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. समोसा तोंडाजवळ नेलेला एकाचा हात तिथेच थांबला होता. एक म्हातारी लुगडं सावरता सावरता थबकली होती. रूपराव शेजाऱ्याच्या कानाशी वाकलेला, अर्ध्या चहाडीवर तोंड उघडं. अंजू ना उभी, ना बसलेली. पुढच्या रांगा टाळीचा ठेका धरून होत्या, आणि मागे तीसेक माणसं श्वास रोखून त्याची वाट बघत होती. त्यांच्या लग्नांत, त्यांच्या पोरांच्या लग्नांत ती अशीच थांबली होती.

छातीत भरलेला श्वास श्रावणने तसाच ठेवला. ट्रंपेट खाली केला. त्याचा हात खाली जाताना दिसला तशा मेघाताईही थांबल्या, आणि बाकीचे डॉक्टरही. एक. दोन. तीन. चार. पुढच्या रांगांतल्या टाळ्याही थांबल्या.

ठण्.

ओमप्रकाशने आयुष्यात एवढं नेमकं वाजवलं नव्हतं. मागच्या दोन रांगा उसळून उभ्या राहिल्या, मग पुढच्याही. पुढे काय वाजलं ते कुणाला धड ऐकू आलं नाही. कार्यक्रमानंतर मेघाताई म्हणाल्या, "काका, सूर लागला नसता का?" श्रावण म्हणाला, "लागला असता."

परतीच्या एसटीत श्रावण आणि मीराबाई शेजारी बसली. पुढच्या बाकावर ओमप्रकाश, मागच्या बाकावर रूपराव, म्हणजे काही गुप्त राहण्याची सोयच नव्हती.

"मीरा," श्रावण म्हणाला, "तीन हप्ते मले वाटलं, थे जागा उस्तादाची हाय अन् मी चोरली. आज समजलं. उस्तादाचा सूर उस्तादाचा. थे थांबनं माहं हाय. निस्तं माहं."



"अजी, थे तुमचं नाई."

"मंग कोनाचं?"

"माहं."

श्रावण तिच्याकडे वळला.

"तुमी पुलगावले वरातीत गेलते ना, लगनाच्या तिसऱ्या दिवशी? मी घरात एकटीच. म्हटलं टेप लावून पाहू. थो मानूस वाजवून राह्यला, वाजवून राह्यला, मले काही समजे ना. दुसरं गानं लागते का म्हनून लाल बटन दाबलं. हातात भाताच्या गंजाचं झाकन होतं, थे पडलं. भेवून बंद केलं. पुसलं गेलं, हे बी तवा मले समजलं नाई. तुमी लावलं तवा समजलं."

"अन् छत्तीस वर्सं बोलली नाई?"

"तुमी म्हनलं, मोठा कलाकार थांबला. मंग मी काय बोलू?"

पुढच्या बाकावरून ओमप्रकाश सावकाश वळला. "वहिनी, म्हंजे थे ठण्..."

"झाकनाचं होतं, भाऊजी."

"तीस वर्सं मी झाकन वाजवलं?"

श्रावण हसायला लागला. आधी गालात, मग पोटातून, मग इतका की कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन मागे आला. हसता हसता त्याने मीराबाईचा हात धरला आणि आर्वी येईपर्यंत सोडला नाही. तो मध्येच खोकला, तेव्हा मागच्या बाकावर रूपराव शेजाऱ्याकडे वाकून म्हणाला, "पाह्य, एकावर किती दम काढन!"

श्रावण ताकसांडेला दोन्ही फुप्फुसं आहेत. गाण्याच्या मध्यावर तो थांबतो, कारण सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात मीराबाईने टेपचं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं आणि चार सेकंदांचं गाणं पुसलं गेलं.